मुलांचे इंग्रजी आणि घरचा आधार

दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलाला घरातून दोन वाटांनी आधार मिळतो. पहिली वाट उघड असते : अभ्यासाला बसवणे, शब्द पाठ करून घेणे, वही पाहणे, परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणी घेणे. दुसरी सहसा लक्षात येत नाही. त्या भाषेविषयी आणि ती बोलणाऱ्यांविषयी घरात काय बोलले जाते, कोणत्या सुरात बोलले जाते, हे मूल कानावर घेत असते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गार्डनर यांनी पालकांच्या भूमिकेचे असेच सक्रिय आणि अप्रत्यक्ष असे दोन भाग केले होते. तोंडाने प्रोत्साहन देणाऱ्या पालकाच्या मनात त्या भाषेविषयी अढी असेल, तर मूल ती अढीच उचलण्याची शक्यता असते, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी घरांत ही अढी बहुधा तिरस्काराची नसते, धास्तीची असते. ‘आमच्या घराण्यात कुणाला इंग्रजी आलं नाही, तुला कुठून येणार?’ हे वाक्य हसतहसत म्हटले जाते आणि मुलाच्या मनात घर करते. उलट टोकही तितकेच वाईट. सोसायटीतला कुणी फाडफाड इंग्रजी बोलला की त्याला लगेच हुशार ठरवायचे, यातूनही मूल एवढेच शिकते की इंग्रजी म्हणजे आपल्यापेक्षा वरच्या लोकांची गोष्ट.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून होते. दहावीच्या वेळापत्रकात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजी आजही ‘तृतीय भाषा’ आहे. क्रम तिसरा असला तरी चिंता पहिल्या क्रमांकाची, हे कोणताही पालक सांगेल. वर्गातले गणित मात्र साधे आहे. तासिका ३५ मिनिटांची धरली आणि वर्गात ४० मुले असली, तर शिक्षकांनी एक शब्दही न उच्चारता सगळा वेळ मुलांना वाटून दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला मिनिटभरही येत नाही. गावात, बाजारात, खेळताना इंग्रजी कानावर पडत नाही. त्यामुळे शाळेबाहेरचा सराव कुठे होणार याचे उत्तर घरातच शोधावे लागते.

इंग्रजी न येणारे पालक

‘आम्हालाच येत नाही, मग आम्ही काय शिकवणार?’ ही पालकसभेत सर्वांत जास्त ऐकू येणारी अडचण. ती प्रामाणिक आहे. पण शिकवणे आणि आधार देणे या दोन गोष्टी एकच आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते.

या बाबतीत लंडनच्या हॅरिंगे भागात झालेला प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. जॅक टिझार्ड, विल्यम स्कोफील्ड आणि जेनी ह्युइसन यांनी त्याचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. कामगार वस्तीतल्या शाळांमधील लहान मुलांच्या एका गटाला शाळेतले वाचनपुस्तक नियमित घरी दिले जाई आणि पालकांनी मुलाचे मोठ्याने वाचन ऐकावे, एवढीच अपेक्षा असे. दुसऱ्या गटाला शाळेतच एका जादा शिक्षिकेची मदत मिळे. हे सुमारे दोन वर्षे चालले. घरी वाचून दाखवणाऱ्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. जादा शिक्षिका मिळालेल्या गटाची प्रगती त्या तोडीची झाली नाही. यात महत्त्वाची बाब अशी, की घरी ऐकणाऱ्या पालकांपैकी काहींना स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हते, काहींना नीट बोलताही येत नव्हते. तरीही त्यांच्या मुलांना फायदा झाला.

असे का होते, हे समजायला फार खोल जावे लागत नाही. मोठ्याने वाचताना मुलाला प्रत्येक शब्दाकडे पाहावे लागते. मनातल्या मनात वाचताना अवघड शब्द गुपचूप ओलांडता येतो. समोर कुणी ऐकत आहे म्हटल्यावर ते घाई करत नाही. आणि दररोज तेच घडत राहिले की वर्गात मिनिटभरही न मिळणारा सराव दहा-पंधरा मिनिटांचा होतो. ऐकणाऱ्याला भाषा येते की नाही, याचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

मराठी घरात हे करायचे तर वेळ ठरवून टाकणे सर्वांत सोपे. रात्रीची जेवणे उरकली, ओटा पुसून झाला, की दहा मिनिटे. टीव्ही बंद. मूल आईच्या किंवा आजीच्या शेजारी पुस्तक घेऊन बसते, समोर नाही. समोर बसले की तोंडी परीक्षा सुरू झाल्यासारखे वाटते. शब्दाखाली बोट ठेवून ते वाचते. अडले तर आईने उत्तर शोधत बसू नये. त्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचे. पान संपले की मराठीतच विचारायचे : ‘काय झालं यात? मग त्या मुलाने काय केलं?’ मुलाने गोष्ट मराठीत सांगितली की अर्थ कळला आहे हे समजते. सांगता आली नाही, तर ते नुसते अक्षरे उच्चारत होते हेही समजते, आणि ही माहिती शिक्षकांच्या कामाची असते. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचे शब्द शाळेत विचारून यायचे. रात्री तेच पान पुन्हा. नवे पान उघडण्याची घाई पालकांना असते, मुलांना नसते. ओळखीचे पान सफाईने वाचता येण्याचा आनंद मुलाला हवाच असतो. आणि ठिपका दिलेल्या शब्दाचा उच्चार मुलाने आईला शिकवला, तर त्या रात्रीपुरती शिक्षक-विद्यार्थ्यांची अदलाबदल होते. असे होऊ द्यावे.

घरात कोणती भाषा बोलावी

मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरातली मराठी कमी करण्याचा सल्ला अनेक पालकांना मिळतो, कधीकधी शाळेकडूनही. हा सल्ला चुकीचा आहे. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याला आधार नाही.

कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेल्या विचारानुसार दोन भाषांमधले ज्ञान वेगवेगळ्या कप्प्यांत बंद नसते. कारण सांगणे, तुलना करणे, गोष्टीचा क्रम लावणे, ऐकलेल्याचा सारांश काढणे ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की दुसरीत नेता येतात. कपडे सावलीपेक्षा उन्हात लवकर का वाळतात, हे ज्या मुलाने आईशी मराठीत बोलून समजून घेतले आहे, त्याला विज्ञानाच्या इंग्रजी धड्यात फक्त नवे शब्द शिकावे लागतात. ज्याला कल्पनाच कळलेली नाही, त्याच्यावर शब्द आणि कल्पना असे दोन्हींचे ओझे एकदम पडते. सेमी-इंग्रजीतल्या मुलांची गणित-विज्ञानात जी गळचेपी होते, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते. कमिन्स यांनी आणखी एक भेद दाखवला. कॅनडात स्थलांतरित मुलांना गप्पांपुरते इंग्रजी साधारण दोन वर्षांत येई, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागत. आणि ही मुले दिवसभर इंग्रजीतच वावरणारी होती. सांगली किंवा जालन्यातल्या मुलाकडून वर्षभरात चमत्काराची अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

‘चल, हँड वॉश कर, मग मिल्क पिऊन घे’ ही भाषा आता शहरी घरांत सर्रास ऐकू येते. दोन भाषा मिसळल्याने मुलाचा गोंधळ उडतो असे नाही. द्विभाषिक माणसे जगभर अशी मिसळ करतात. प्रश्न वेगळा आहे. ज्या पालकांचे इंग्रजी तोकडे असते, ते इंग्रजीत बोलायचे ठरवतात तेव्हा बोलणे आपोआप आज्ञांपुरते उरते : ये, जा, बस, खा, अभ्यास कर. आईला मराठीत जी चेष्टा करता येते, आजोबांना जो किस्सा रंगवता येतो, भांडण का झाले याची जी उलटतपासणी घेता येते, ती सगळी बंद पडते. मुलाला तोडके इंग्रजी मिळते आणि समृद्ध मराठी जाते. सौदा तोट्याचा आहे. पालकांना इंग्रजी सहज येत असेल आणि बोलताना मौज वाटत असेल तर अवश्य बोलावे. ओढूनताणून बोलू नये.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत चित्र उलटे दिसते. तिथे मुलांना इंग्रजी शाळेतून आणि शेजारातून मिळतेच, जाते ती मराठी. अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांबाबत लिली वाँग फिल्मोर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले होते, की फार लहान वयात घरची भाषा सुटली की आईवडील आणि मुले यांच्यातले खोल बोलणेच तुटते. तिकडची महाराष्ट्र मंडळे मराठी शाळा चालवतात, त्या याच अनुभवातून.

चुका आणि चेष्टा

मराठी मुलाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका अज्ञानाच्या नसतात, मराठीच्या व्याकरणाच्या असतात. मराठीत खुर्ची ती आणि पंखा तो, म्हणून मूल इंग्रजीत खुर्चीला ‘शी’ म्हणते. मराठीत नामाआधी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ असे काही लागत नाही, म्हणून ते गळतात. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलण्याची सवय मराठी कानाला फारशी नाही, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच वाटतात. मराठी जशी बोलली जाते जवळपास तशीच देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगचा विक्षिप्तपणा मुलाला अन्याय वाटतो, आणि खरे सांगायचे तर तो आहेच. पालकांना हे ठाऊक असले की ‘इतक्या वेळा सांगूनही कळत नाही’ हा त्रागा कमी होतो.

इंग्रजी येणाऱ्या पालकांची चूक वेगळीच असते. मूल ‘ही गो टू स्कूल’ म्हणाले की ते तिथेच थांबवतात, नियम सांगतात, पुन्हा म्हणून घेतात. तोवर मुलाला काय सांगायचे होते ते राहून जाते. त्यापेक्षा ‘हो का? ही गोज टू स्कूल? ऑन अ बायसिकल?’ असे बरोबर रूप सहज वापरून संभाषण पुढे न्यावे. मुलाच्या कानावर बरोबर वाक्य पडते आणि त्याचे बोलणेही तुटत नाही. लेखनात चुका दाखवायला हरकत नाही. पण एका वेळी एकाच प्रकारच्या. लाल शाईने माखलेले पान पाहून कुणी काही शिकल्याचे ऐकिवात नाही.

नवी भाषा बोलताना वाटणारी भीती ही स्वतंत्र, मोजता येण्याजोगी गोष्ट आहे. इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तिच्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि तिचा आजही वापर होतो. लोक हसतील ही त्या भीतीची एक मुख्य बाजू. मराठी घरांत ती दोन ठिकाणी हमखास तयार होते. एक म्हणजे पाहुणे आल्यावर. चहाचे कप यायच्या आत ‘काकांना पोएम म्हणून दाखव’ची फर्माईश होते, मूल आईच्या पदराआड जाते, मग ‘एरवी नुसती बडबड करतो, आता बघा कसा गप्प!’ दुसरे ठिकाण म्हणजे दिवाळीत जमलेली भावंडे. पुण्यामुंबईची चुलतभावंडे इंग्रजी माध्यमातली, गावचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतले, आणि त्याच्या उच्चारांची नक्कल चाललेली. मोठ्यांना ती गंमत वाटते. तिथे घरातल्या एका मोठ्या माणसाने शांतपणे ‘नक्कल नको’ एवढे म्हटले तरी पुरते. पण ते म्हणायला हवे, कारण मोठ्यांचे गप्प राहणे मुलाला संमतीसारखे वाटते.

ही चेष्टा फक्त मुलांच्याच वाट्याला येत नाही. गौरी शिंदे यांच्या २०१२ मधल्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या चित्रपटातील शशी गोडबोले लाडू करून विकणारी, घर सांभाळणारी बाई. तिला इंग्रजी येत नाही याची थट्टा नवरा आणि मुलगी करतात. चित्रपट इतका पटला, कारण अशी घरे पाहिली नाहीत असा प्रेक्षक विरळा. ज्या घरात आईच्या इंग्रजीला हसतात, त्या घरातले मूल स्वतःचे इंग्रजी लपवायला शिकते. त्याच घरात आईने चाळिशीत शिकायला घेतले आणि सर्वांनी ते गांभीर्याने घेतले, तर त्याचा परिणाम कुठल्याही शिकवणीपेक्षा दांडगा होतो.

भावंडे, वडील, आजोबा

मराठी घरात अभ्यासाची जबाबदारी बहुतेक वेळा आईकडे येते आणि वडिलांकडे फक्त प्रगतिपुस्तकावरची सही उरते. ही वाटणी बदलायला अभ्यास घ्यावा लागतोच असे नाही. आठवड्यातून दोन रात्री वडिलांनी वाचन ऐकले तरी ‘इंग्रजी ही आईच्या मागे लागण्याची गोष्ट’ हा समज मोडतो.

थोरली भावंडे उत्तम शिक्षक असतात. पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी कुटुंबांचा अभ्यास करताना ईव्ह ग्रेगरी यांना आढळले, की आईवडिलांचे इंग्रजी बेताचे असले तरी मोठ्या बहिणी धाकट्यांना घेऊन घरात ‘शाळा शाळा’ खेळत आणि त्यातून वर्गातली भाषा, सूचना, वाचनाची पद्धत घरात उतरत असे. हा खेळ मराठी मुलांना नवा नाही. खडू आणि दाराची मागची बाजू एवढे साहित्य त्याला पुरते. थोरल्या मुलीचा स्वतःचा अभ्यास त्यात बुडत नाही ना, एवढे मात्र पाहावे. धाकट्याची शिकवणी कायमची तिच्या गळ्यात मारू नये.

आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकून घेतले. त्यांचे व्याकरण पक्के असते आणि बोलणे अडखळते; नातवाचे नेमके उलट. दोघांना एका पुस्तकावर बसवले तर बरे जमते, फक्त आजोबांनी पहिल्याच दिवशी काळ आणि प्रयोग यांची तालिका काढू नये.

घरात इंग्रजी वाचणारे मूलच एकटे असेल तर बँकेचे संदेश, वीजबिल, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना त्याच्याकडून वाचून घेतल्या जातात. यात मुलाला आपण उपयोगी आहोत असे वाटते आणि खरा सरावही होतो. परंतु दवाखान्यातला अहवाल, कर्जाची नोटीस असले कागद मुलाच्या हाती देऊ नयेत. शब्द वाचता आले तरी त्या बातमीचे ओझे त्याच्या वयाला पेलत नाही, आणि चूक झाली तर नुकसान मोठे.

साधने आणि खर्च

बालभारतीची इंग्रजीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर नेतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रांच्या गोष्टी मोफत आहेत, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत सापडते. आधी मराठीतून वाचून मग इंग्रजीतून वाचली की अर्थाचा अंदाज बांधत पुढे जाता येते. मोबाइल द्यायचाच असेल तर ज्या चित्रफितींखाली इंग्रजी बोलणे इंग्रजीतच लिहून येते अशा निवडाव्यात. ऐकलेला आणि लिहिलेला शब्द जोडला जातो. शेजारी कुणी बसलेले असावे, नाहीतर दहा मिनिटांनी पडद्यावर भलतेच काही चालू असते. ज्यांच्याकडे यातले काही नाही, त्यांच्याकडेही बिस्किटाचा पुडा, एसटी स्टँडवरच्या पाट्या आणि दुकानांची नावे असतातच.

स्पोकन इंग्लिशच्या क्लासवर हजारो रुपये खर्च करण्याआधी तिथे एका गटात किती मुले असतात आणि तासात प्रत्येक जण किती वेळ बोलतो, हे विचारावे. नोट्स लिहून घेणारा बोलण्याचा क्लास लावण्यात अर्थ नाही.

शाळेशी बोलणे

पालकसभेत ‘इंग्रजीत कच्चा आहे, काय करू?’ असे विचारले की ‘घरी लक्ष द्या’ हे ठरलेले उत्तर मिळते. प्रश्न नेमका असावा : अक्षरे ओळखतो का, अनोळखी शब्द जोडून वाचतो का, वाचलेले कळते का, कळते पण लिहिता येत नाही का? ठिपके दिलेले पुस्तक सोबत नेले तर शिक्षकांनाही अडचण कुठे आहे ते दिसते.

घरचा आधार नीट असूनही मूल मागेच राहात असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा नीट न दिसणारी मुले वर्षानुवर्षे ‘दुर्लक्ष करणारी’ म्हणून गणली जातात. त्यानंतर मराठी वाचन पाहावे. मराठी सफाईने वाचता-लिहिता येत असेल आणि फक्त इंग्रजी अडत असेल, तर बहुधा सराव कमी आहे. मराठीतही काना-मात्रा सतत गळत असतील, अक्षरांचा क्रम उलटसुलट होत असेल, वाचन वयाच्या मानाने फार संथ असेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासून घ्यावी. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ असल्यामुळे मराठीत ही अडचण सौम्य दिसते आणि इंग्रजीत एकदम उघडी पडते; म्हणून इंग्रजीवरच खापर फुटते. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी वा महापालिका रुग्णालयांत अशी तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती घेता येतात. त्यांचा अर्ज शाळेमार्फत जातो आणि तपासणीच्या तारखा मिळायला वेळ लागतो, त्यामुळे दहावीची वाट न पाहता शंका आल्यावर लगेच मुख्याध्यापकांना भेटावे.